देशासाठी खेळायचे किती घेणार?

२०२४च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिस कप या देशादेशांतल्या सांघिक टेनिस स्पर्धेत भारताचा संघ स्टॉकहोमला स्वीडनकडून ०-४ असा सपाटून मार खाऊन आला. देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल त्या संघात नव्हता. पाठ दुखावल्याचं त्याने कळवलं होतं. काही दिवसांतच अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, म्हणजे आयटाच्या, बाजूने बातमी आली की नागलने डेव्हिस कप खेळण्यासाठी वर्षाला ५० हजार डॉलर मागितले होते. देशासाठी खेळायला पैसे कशाला, असा संघटनेचा सवाल. व्यावसायिक खेळात मोबदला घेणं ही जगभरची रीत आहे, असं नागलचं उत्तर. मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाने नागलची देशभक्ती तराजूत घातली, दुसऱ्याने आयटाचा चाळीस वर्षांचा नाकर्तेपणा बाहेर काढला. दोघांनी भरपूर तोंडसुख घेतलं. मूळ प्रश्न मात्र कुणी विचारलाच नाही: जगात पहिल्या शंभरात असलेल्या माणसाला एका आठवड्याच्या पैशांसाठी हात पसरावा का लागतो?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नागलने पैसे मागितले यात गैर काही नाही. गैर हे की ते मागावे लागले, आणि मागण्याची ऐपत फक्त त्याच्याकडेच होती. संघातल्या प्रत्येक खेळाडूची फी ठरलेली असावी, ती जाहीर असावी आणि रँकिंगमध्ये पाचशेव्या असलेल्या राखीव पोरालाही ती मिळावी. किंबहुना त्यालाच ती अधिक गरजेची आहे. कारण टेनिसच्या तळमजल्यावर काय चालतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘देश की पैसा’ हा वाद ऐकून हसावं की रडावं हेच कळत नाही.

तळमजल्याचा हिशेब साधा आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धेला एम-१५ म्हणतात. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ते एकेरी-दुहेरीत वाटलं जातं. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, तेही कर कापून. पात्रता फेरीत हरला तर हातात भोपळा. त्यातून विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, दर दोन दिवसांनी तुटणाऱ्या रॅकेटच्या तारा, प्रवेश फी आणि प्रशिक्षक न्यायचा म्हटलं तर हे सगळं दुप्पट. महासंघाने स्वतःच २०१३ सालचे आकडे तपासले तेव्हा प्रशिक्षकाचा खर्च न धरता पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर आणि महिलेचा ४०,१८० डॉलर निघाला. जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६व्या आणि महिलांत २५३व्या क्रमांकापाशी होत होती. त्याखालचे सगळे पदरमोड करून खेळत होते. व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४ हजारांपैकी निम्म्यांनी त्या वर्षी एक छदामही कमावला नव्हता, आणि पुरुषांच्या बक्षिसांतला जवळपास ६० टक्के वाटा पहिल्या पन्नासांनी नेला होता.

पण आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. तुर्कस्तानातलं अंताल्या, ट्युनिशियातलं मोनास्तिर, इजिप्तमधलं शर्म अल शेख ही नावं तळमजल्यावरच्या प्रत्येक खेळाडूला पाठ असतात. या समुद्रकाठच्या गावांत हॉटेलांच्या आवारातच कोर्टं आहेत आणि तिथे आठवड्यामागून आठवडे एम-१५ स्पर्धा भरत आल्या आहेत. एवढा टेनिसचा सोस हॉटेलवाल्यांना कुठून आला? समजा, मुख्य आणि पात्रता फेरी मिळून साठ खेळाडू आले. प्रत्येकी दिवसाला साठ युरो आणि मुक्काम सहा दिवसांचा. झाले की २१ हजार ६०० युरो! बक्षिसाचे १५ हजार डॉलर त्यातून सहज सुटतात, शिवाय ऑफ सीझनला खोल्या भरतात. म्हणजे खेळाडू आपल्याच खिशातले पैसे बक्षीस म्हणून एकमेकांकडून जिंकतात आणि वरची मलई हॉटेल खातं. टेनिसच्या खालच्या पायरीवरचा माणूस खेळाडू नसतोच, तो गिऱ्हाईक असतो. रोजगाराच्या ठिकाणी स्वतःच पैसे भरून कामाला जाणारा दुसरा कामगार मला तरी माहीत नाही.

आता विरोधी बाजूचं ऐकू, कारण ती पोकळ नाही. या बाजूचं सर्वांत स्पष्ट बोलणं एका खेळाडूचंच आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडने स्पर्धा ठप्प झाल्या आणि वरच्या खेळाडूंनी खालच्यांसाठी निधी द्यावा असा विचार पुढे आला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या डॉमिनिक टीमने नकार दिला. यातल्या कुणावर उपासमारीची वेळ आलेली नाही, यातले बरेच जण खेळाला सर्वस्व वाहून जगत नाहीत, मग मी पैसे का द्यावेत, असा त्याचा रोख होता. माणूस उद्धट वाटला तरी खोटं बोलत नव्हता. तळमजल्यावर हौशे-गवशे-नवशे असतात. बापाच्या पैशावर दोन वर्षं देश बघत फिरणारी पोरंही असतात. शिवाय टेनिस खेळा अशी कुणी जबरदस्ती केलेली नाही. ज्याचा सामना बघायला कुणी तिकीट काढत नाही त्याला पगार कसला? गल्लीतल्या प्रत्येक गवयाला आपण मानधन देतो का?

टीमला उत्तर दिलं अल्जीरियाच्या इनेस इब्बूने. ती तेव्हा क्रमवारीत सहाशेच्या आसपास होती. तिच्या व्हिडिओचं सार इतकंच की तू आणि मी एकाच शर्यतीत धावतोय असं तुला वाटतं, पण आपली सुरुवातीची रेघ एक नव्हती. टीमचे आईवडील दोघेही टेनिस प्रशिक्षक. अल्जीरियात धड कोर्ट मिळवण्यापासून तयारी. तिथल्या किंवा आपल्या पासपोर्टवर युरोपातली स्पर्धा खेळायची तर आधी वकिलातीच्या रांगेत खेळावं लागतं. जर्मन किंवा फ्रेंच पोरगा गाडीत रॅकेटी टाकून शेजारच्या देशात जाऊन खेळून येतो. जमैकन-जर्मन डस्टिन ब्राउन आईवडिलांनी घेऊन दिलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये राहून, इतरांच्या रॅकेटींना तारा ओढून देऊन पैसे मिळवत खालच्या स्पर्धा खेळला. २०१५मध्ये त्याने विम्बल्डनवर नदालला हरवलं. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती भूगोलाचीही वाटते. युरोप खंडभर व्हॅन हाकता आली म्हणून तो टिकला. पुण्याहून व्हॅन काढून कुठल्या एम-१५ला जाणार?

‘कुणी बघत नाही’ हे तर सरळसरळ असत्य आहे. तळमजल्यावरचा एखादा सामना बघा. पात्रता फेरीत चेंडू वेचायला पोरं नाहीत, खेळाडूच जाळ्यापाशी वाकून चेंडू उचलतो. बाकावर एक प्रशिक्षक, कुणाची तरी आई, सावली शोधत आलेले दोन म्हातारे. मुख्य फेरीत खुर्चीवरचा पंच प्रत्येक गुणानंतर हातातल्या यंत्रावर बोट टेकवतो. त्या बोटाला किंमत होती. महासंघाने पाच वर्षांसाठी हे थेट गुण स्पोर्टरडार या कंपनीला सुमारे सात कोटी डॉलरना विकले होते, आणि ती ते सट्टा घेणाऱ्या कंपन्यांना पुरवत होती. त्या आईला आणि दोन म्हाताऱ्यांना दिसणारा सामना जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पैसे लावून बघत होतं. म्हणजे बाजार होता, गिऱ्हाईक होतं, माल होता. फक्त माल पिकवणाऱ्याच्या हाती १५६ डॉलर पडत होते.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. टेनिसमधल्या सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने ३,२००हून अधिक खेळाडूंना विचारलं, तर १४.५ टक्क्यांनी सामनेनिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचं सांगितलं. २०१८च्या अहवालात समितीने बोट ठेवलं ते खालच्या आणि मधल्या थरावर. सर्वांत खालच्या स्पर्धांच्या गुणांची ही विक्री बंद करा, असंही सुचवलं. पहिल्या फेरीत हरून १५६ डॉलर मिळणाऱ्या पोराला एक सेट सोडायचे कुणी दोन हजार डॉलर देऊ करतो. पोराने नाही म्हणावं, हे खरंच. बहुसंख्य नाहीच म्हणतात, आणि त्यांचं मला कौतुक आहे. पण ज्या धंद्याची सगळी मदार उपाशी माणसाच्या सचोटीवर आहे, त्या धंद्याने त्या माणसाला हौशी म्हणून हिणवावं?

पैसाच नाही, असंही म्हणता येत नाही. खालची बक्षिसं १० हजारांवरून १५ हजार डॉलर झाली २०१७ साली, आणि एम-१५च्या नावातला आकडा अजून तोच आहे. त्याच २०१७ साली अमेरिकन ओपनची एकूण बक्षीस रक्कम पाच कोटी डॉलरच्या किंचित वर होती. २०२५ साली ती नऊ कोटी झाली. नऊ कोटींत एम-१५ दर्जाच्या सहा हजार स्पर्धा बसतात. मोठ्यांचं कमी करा असं मी म्हणत नाही. लोक अल्काराझला बघायला येतात, तो घेणारच. पण अल्काराझला हरवायला समोर कुणीतरी लागतं, त्या कुणाला तरी हरवायला आणखी कुणी, आणि ती उतरंड थेट मोनास्तिरच्या हॉटेलपर्यंत जाते. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार पाहणाऱ्या एटीपीने २०२४पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली: पहिल्या शंभरात तीन लाख डॉलर, १७५पर्यंत दीड लाख, २५०पर्यंत ७५ हजार. स्वागतार्ह आहे. म्हणजे वरच्यांनाही हे तत्त्व पटलं आहे, फक्त ते अडीचशेव्या पायरीवर येऊन थांबलं.

नागलचंच उदाहरण घ्या. २०१९च्या अमेरिकन ओपनमध्ये त्याने फेडररकडून पहिला सेट घेतला तेव्हा देशभर फटाके वाजायचे बाकी होते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये त्याने सांगितलं की बँकेत ९०० युरो उरले आहेत. इंडियन ऑइलची नोकरी आहे, तो पगारही खेळातच जातो. तेव्हा तो पहिल्या दोनशेत होता, देशात पहिला होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून त्याने मुख्य फेरीत अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा १९८९नंतरचा तो पहिला भारतीय पुरुष. त्याआधी रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवलं होतं. त्या एका आठवड्याचे त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तोच माणूस, तीच रॅकेट. चार महिन्यांत त्याची गुणवत्ता शंभरपट झाली का? पगार गुणवत्तेचा मिळतो म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांच्या मधली दरी समजावून सांगावी.

आता देशभक्तीचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही. डेव्हिस कप ही भारतीय टेनिसची खरी दौलत आहे. १९७४ साली अंतिम फेरीत समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आली, तेव्हा भारताने सामना सोडून दिला. आनंद आणि विजय अमृतराज यांच्या हातातोंडाशी आलेला चषक देशाच्या भूमिकेपायी गेला. त्या परंपरेत दराची भाषा कानाला बोचते, कबूल. फेब्रुवारी २०२४मध्ये इस्लामाबादच्या गवतावर खेळायला आणि मग स्वीडनला जायला नागल नव्हता, त्यामुळे चाहते चिडले, तेही समजू शकतं. पण एक हिशेब लक्षात घ्या. डेव्हिस कपमध्ये २०१६पासून रँकिंगचे गुण मिळत नाहीत. रँकिंग ५२ आठवड्यांचं चक्र असतं. गेल्या वर्षी या आठवड्यात कमावलेले गुण यंदा गळून पडतात. नव्वदाव्या क्रमांकावरच्या माणसाने देशासाठी आठवडा दिला तर तो शंभराबाहेर जाऊ शकतो, आणि शंभराच्या आतबाहेर म्हणजे ग्रँड स्लॅमचं थेट तिकीट आहे की नाही. देश त्याच्याकडून गुण घेतो, पैसे घेतो आणि वर विचारतो, भावना कुठे गेली? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगणं सोपं असतं, विशेषतः आपल्या घरचं जात नसेल तर.

आणि हा सवाल क्रिकेटपटूला कुणी विचारतं का? १९८३चा विश्वचषक जिंकून आलेल्यांना द्यायला बीसीसीआयकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला एक लाख मिळाले. ती गोष्ट आपण अजून अभिमानाने सांगतो, पण ती मुळात नामुष्कीची गोष्ट आहे. पुढे मंडळाकडे पैसा आला, वार्षिक करार आले, २०१८मध्ये सर्वोच्च श्रेणी वर्षाला सात कोटींवर गेली. देशाच्या संघात नसलेल्या रणजी खेळाडूला २०२१च्या दरांनुसार अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळू लागले. रणजीत खेळणारी पोरं कमी देशभक्त झाली की जास्त निर्धास्त? टेनिसलाही हे नवं नाही. १९६८पर्यंत मोठ्या स्पर्धा ‘हौशीं’साठीच होत्या. उघड पैसे घेणारा बहिष्कृत आणि टेबलाखालून घेणारा सभ्य गृहस्थ. त्या ढोंगाला इंग्रज साहेब कंटाळला. आपल्या संघटना अजून ते जपून ठेवतात.

उरतो एक आक्षेप, आणि तो सगळ्यांत टोकदार आहे. टेनिस हा क्लबातल्या पोरांचा खेळ. रेशनच्या रांगेतल्या माणसाच्या करातून त्यांचे लाड का? मला हा प्रश्न टाळता येत नाही. पण तो क्लबातल्या पोरांचा खेळ का राहिला? दहा वर्षं खिशातून घालवण्याची ज्याची ऐपत आहे तोच तळमजल्यावर टिकतो म्हणून. मध्यमवर्गीय पोरांनी यावर उपाय शोधला तो अमेरिकी विद्यापीठांचा: पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला गेला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला. पुढे ऋतुजाने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. म्हणजे आपल्या पदकाची खुराक टेक्सासने दिली, आणि आपण सत्कार केला.

खुराक हा शब्द मुद्दाम वापरला. कुस्ती आपल्याकडे गरिबाच्या पोराची राहिली, कारण तिला पोसणारी एक साखळी होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, हे वरचं टोक. खालचं टोक म्हणजे गावोगावच्या जत्रा. तिथे लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग शंभर-पाचशेवर, आणि शेवटची मानाची जोड. इनाम गावाच्या वर्गणीतून, जोड लावतानाच ठरतं. मैदानात उतरायचे पैसे मल्ल भरत नाही. एसटीने जाऊन, लढून, रात्री परत घरी येता येतं. टेनिसला नेमकं हेच हवं आहे: घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर भरपूर मैदानं.

महाराष्ट्राकडे ती होती आणि आहेत. पण आपला जीव अडकला होता बालेवाडीच्या त्या एका आठवड्यात. चेन्नईहून आलेली एटीपी-२५० स्पर्धा २०१८ ते २०२३ पुण्यात झाली, चिलिच आला, केविन अँडरसन जिंकून गेला, मग ती जागा हाँगकाँगला गेली आणि आपण हळहळलो. मला तिचं फारसं दुःख नाही. त्यात एकेरीत दोन-चार भारतीयांना वाइल्ड कार्ड, म्हणजे संयोजकांच्या मर्जीतला थेट प्रवेश, मिळायची आणि बहुतेक जण बुधवारपर्यंत प्रेक्षागृहात बसलेले असायचे. त्याउलट सोलापूरला आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे आयटीएफची, महिलांची स्पर्धा भरते तेव्हा डझनावारी भारतीय मुली पासपोर्ट न काढता जागतिक गुणांसाठी खेळतात. २०२४च्या फेब्रुवारीत नागल पहिल्या शंभरात गेला तो चेन्नईची चॅलेंजर, म्हणजे मधल्या दर्जाची, स्पर्धा जिंकून; घरच्या कोर्टावर, घरचं जेवून. सार्वजनिक पैसा घालायचाच तर खेळाडूच्या खात्यात नको, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरच्या कोर्टांवर घाला. सलग सहा आठवडे, रेल्वेने गाठता येतील अशा, राहण्याची सोय संयोजकांकडे असलेल्या स्पर्धा. यात लायक नसलेल्यांचे लाड होतील ही भीतीही उरत नाही, कारण जो हरेल तो हरेलच. फक्त दिवाळं न काढता हरेल.

फीचं म्हणाल तर आयटाला डेव्हिस कपसाठी महासंघाकडून रक्कम मिळतेच. त्यातलं कुणाला किती, हे लढतीआधी कागदावर लिहून संकेतस्थळावर टाकायला कोणती घटनादुरुस्ती लागते? नागलच्या ५० हजारांवर जरूर घासाघीस करा. जास्त वाटत असतील तर कमी सांगा. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला घ्या, पण आकडा सगळ्यांना दिसू दे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये भारताने बीलला जाऊन स्वित्झर्लंडला ३-१ हरवलं. १९९३नंतर युरोपात जाऊन युरोपीय संघावर मिळवलेला हा पहिला विजय. नागल संघात परतला होता, त्याने दोन्ही एकेरी जिंकल्या आणि देशभक्तीवरची चर्चा एका रात्रीत थंडावली. पण पहिला सामना जिंकून वाट मोकळी केली ती अमेरिकी विद्यापीठातून आलेल्या दक्षिणेश्वर सुरेशने. त्याचं रँकिंग तेव्हा सहाशेच्या पलीकडे होतं, म्हणजे एम-१५च्या मजल्यावरचं. त्या आठवड्याचे त्याला किती मिळाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याने काही मागितलं नव्हतं.